विमल मॅडमचं साहेबांशी भांडण

आमच्या विमल मॅडमचं ज्यांच्याशी भांडण आहे, ती सगळी माणसं शे-दोनशे वर्षांपूर्वीच मेलेली आहेत. जिवंत माणसांशी त्या भांडत नाहीत असं नाही. पण तिकडे त्यांचं मन रमत नाही. जिवंत माणूस उलटून बोलतो, मग नरमतो, मग चहा सांगतो आणि भांडण संपतं. मेलेल्या इंग्रज लेखकाचं तसं नाही. तो एकदा जे लिहून गेलाय त्यावरून तसूभर हलत नाही. त्यामुळे मॅडमचा पाराही उतरत नाही.

हे भांडण रोज सकाळी नांदेडहून सुटणाऱ्या बिलोलीच्या एसटीत चालतं. आम्ही दोघी नायगावच्या कॉलेजात शिकवतो. मी मराठी, त्या इंग्रजी. राहायला दोघी नांदेडला. याला आमच्याकडे अप-डाऊन म्हणतात आणि निम्मा तालुका ते करतो. गाडीत कुणी झोपतं, कुणी मोबाइलवर भजनं लावतं, कुणी संध्याकाळची भाजी निवडून घेतं. विमल मॅडम पुस्तक उघडतात. पुस्तक नेहमी जुनं, इंग्रजी आणि खेड्यातलं. पहिली चार पानं शांततेत जातात. मग नाकपुड्या फुगायला लागतात. मग पुस्तक मांडीवर आपटल्याचा आवाज येतो.

"बघा! बघा हा काय लिहून राहिलाय!"

हा म्हणजे लेखक. कंडक्टर नवीन असला की तो दचकून स्वतःच्या तिकिटाच्या मशीनकडे बघतो. जुने कंडक्टर सवयीने म्हणतात, "मॅडम, आज कोन हाय?"

मॅडमची तक्रार खेड्यातल्या बायकांविषयी आहे. म्हणजे बायकांविषयी नाही, त्यांना ज्यांनी लिहिलं त्यांच्याविषयी. जुन्या इंग्रजी पुस्तकात शिरलेली खेड्यातली बाई त्यांच्या मते दोनच रूपांत सापडते. तरुण असली तर फळ आणि वय झालेलं असलं तर जनावर. तरुण असेल तर तिचे गाल सफरचंदासारखे. ती पहाटे उठून गाईचं दूध काढते आणि काढताना गाते. तेवढ्यात जमीनदाराचा पोरगा घोड्यावरून येतो, ती लाजते आणि तिथून पुढे तिचं काही खरं नसतं. शेवटचं प्रकरण यायच्या आत ती नदीत तरी जाते, नाहीतर तापाने तरी. म्हातारी असेल तर दारात बसून विणकाम करते, तोंडात दात नसतात आणि गावाला ती चेटकीण असल्याचा संशय असतो.

"पंचविशी ते साठीच्या बाया गेल्या कुठं हो?" मॅडम मला विचारतात.

"वावरात असतील," मी म्हणते.

"मग ह्याला दिसल्या कशा न्हाईत?"

आणि मग त्यांचा ठेवणीतला प्रश्न येतो. हा प्रश्न त्या प्रत्येक लेखकाला विचारतात, आणि विचारताना चष्मा कपाळावर सरकवतात. "आन् हा कुठं बसून लिहून राहिला?"

मॅडमचा सिद्धान्त असा की, लेखकाचं काही वाचायच्या आधी तो कुठे बसलाय ते शोधायचं. कुणी घोड्यावर असतो, कुणी बग्गीच्या खिडकीत, कुणी झाडाखाली फराळाची टोपली उघडून. वाकलेल्या बाईच्या शेजारी वाकलेला एकही लेखक त्यांना अजून सापडलेला नाही. "खाली उतरून बघ म्हणावं की जरा. मग गाल दिसतेत का पाठ, ते सांग."

हे सगळं त्या वर्गात शुद्ध इंग्रजीत सांगतात. पण संताप खरा असला की मराठवाडा वर येतो. विद्यार्थ्यांना ते बरोबर कळतं. मॅडम इंग्रजी सोडून 'लई शहाणा लागून गेला' वर आल्या की पोरं पेनं खाली ठेवतात आणि नीट ऐकायला लागतात.

एकदा गाडीत समोरच्या सीटवर बिलोलीकडच्या तीन बायका होत्या. लग्नाहून परतत असाव्यात, मांडीवर लाडवाच्या पिशव्या. मॅडमचं त्या दिवशी गवळणीवर चाललं होतं. त्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं आणि थेट विचारलं, "मावशी, दूध काढताना तुमी गाणं म्हणता का?"

"कुनाचं दूध?"

"म्हशीचं."

"म्हशीम्होरं गानं?" तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "अवं बाई, तिला नुस्तं खोकललं तरी लाथ झाडती."

"बघा!" मॅडम माझ्याकडे वळल्या. जणू मीच तसं लिहिलं होतं. "आन् हा म्हणतो, ती गात होती आन् गाय डोळे मिटून ऐकत होती."

"त्याची गाय गरीब आसंल," दुसरी म्हणाली.

"कोन हाय ह्यो?" तिसरीने विचारलं.

"इंग्रज सायेब. मेला."

"अगं बाई! कवा?"

"दीडशे वर्सं झाली असतील."

"मग जाऊ द्या की आता."

"असं कसं जाऊ द्या!" मॅडम कडाडल्या, आणि त्या बाईने घाबरून त्यांच्या हातावर एक लाडू ठेवला.

त्यांना राग फक्त आपल्या बायकांसाठी येतो असं मात्र समजू नका. इंग्लंडच्या गवळणीविषयीही त्यांचा जीव तसाच तुटतो. "ती काय आपली कुणी नव्हं का? तिकडं थंडी केवढी. पहाटे गार पाण्यानं गाईचे सड धुवायचे. बोटं फुटून रक्त येत असंल. आन् हा बोटांना कळ्या म्हणून राहिलाय." नांदेडच्या उन्हाळ्यात, घामाने चष्मा घसरत असताना, इंग्लंडच्या थंडीत दोनशे वर्षांपूर्वी फुटलेल्या बोटांसाठी हळहळणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मी पहिली काही वर्षं यावर हसायचे. स्टाफरूममध्ये त्यांची नक्कलही करायचे, आणि ती मला बऱ्यापैकी जमायची. मग एक दिवस त्यांनी एक पान माझ्यासमोर धरलं. हा साहेब आपल्याकडे येऊन गेलेला, घोड्यावरून दख्खन फिरलेला. त्याने लिहिलं होतं की, नदी उतरून एक बाई वर आली. डोक्यावर कडब्याचा भारा, कडेवर मूल, ओलं लुगडं. ते दृश्य त्याला इतकं सुंदर वाटलं की त्याने तिला खुणेने थांबायला सांगितलं आणि वही काढून तिचं चित्र काढलं. ती मुकाट्याने उभी राहिली, याचं त्याला कौतुक वाटलं. या लोकांत सोशिकपणा उपजतच असतो, असं त्याने खाली म्हटलं होतं.

"चित्र काढायला किती वेळ लागतो हो?" मॅडमनी अगदी हळू आवाजात विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे तो भारा होता. साहेब बसलाय, पेन्सिलीला टोक काढतोय, आणि ती उभी. पोर रडलं असेल. मान अवघडली असेल. घोड्यावरच्या माणसाने थांब म्हटल्यावर जायचं तरी कसं? आणि हा तिला सोशिक म्हणतोय! इतका संताप मला जिवंत माणसाचाही कधी आला नव्हता. त्याच पुस्तकात साहेबाच्या घोड्याला नाव होतं, त्याच्या खुराकावर दोन पानं होती. बाईवर तेवढ्या सहा ओळी. त्या दिवसापासून मी नक्कल करणं सोडलं आणि मॅडमच्या बाजूने भांडायला लागले.

त्याचा मला फार फायदा झाला नाही. कारण साहेब संपले की मॅडम माझ्याकडे वळत. "तुमचे मराठीवाले तरी काय कमी हायत? डोईवर घागर, कमरेला कळशी, चालली ठुमकत! भरली घागर घेऊन ठुमकून दाखवा म्हणावं एकदा." त्यावर आमचे लोक निदान आमच्याच बोलीत खोटं बोलतात, एवढंच म्हणण्यासारखं होतं, आणि ते म्हणण्यात अर्थ नव्हता.

इंग्रजी विभागात नव्याने लागलेले निखिल सर एकदा सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, ते काव्य आहे. त्या काळाची दृष्टी होती ती. इतकं मनाला लावून घेऊ नये."

मॅडमनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सर, तुमच्या मातोश्री काय करतात?"

"शेतीच. म्हणजे, घरची शेती आहे."

"घरची शेती हाय, हे मला कळलं. मातोश्री काय करतात?"

निखिल सर चहा आणायला गेले, ते पुढचा तास संपेपर्यंत परत आले नाहीत.

मॅडमचं लग्न झालेलं नाही. कुणी विचारलंच तर "सवड कुठं होती" म्हणतात. नांदेडला दोन खोल्यांचं घर, त्यात पुस्तकं, आणि पुस्तकांतली भांडणं. गाव चाकूरजवळ. तिथे भाऊ-भावजय आणि आई. आईचं नाव सोजरबाई. मॅडम लहान असतानाच सोजरबाईंनी त्यांना नांदेडच्या वसतिगृहात आणून सोडलं. वडील नको म्हणत होते, चुलते नको म्हणत होते, गाव तर म्हणतच असतं. बाई पोरीचा हात धरून एसटीत बसली आणि पोरीला वसतिगृहात ठेवून एकटी परत गेली. मॅडम हे सांगतात तेव्हा एवढंच सांगतात.

पण त्यांच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी ही सोजरबाई आहे, हे मला पुढे कळलं. लातूरच्या एका कॉलेजने चर्चासत्र ठेवलं. विषय, जुन्या इंग्रजी लेखनातली खेड्यातली स्त्री. मॅडमना बोलावणं आलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, त्याआधी एवढा जिव्हाळ्याचा विषय चालून आलेला. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. "ह्यांची सगळ्यांची हजेरी घेते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् शेवटी एक पान माझं वाचणार. आईवर. इंग्रजीतच. नुसत्या शिव्या देऊन भागत न्हाई, बाई. खरी कशी असती ते एकदा तरी त्यांच्याच भाषेत लिहून ठेवलं पाहिजे. ती हाय तवर."

सोजरबाई तेव्हा ऐंशीला टेकल्या होत्या. गुडघे गेले होते, नजर थोडी गेली होती. 'ती हाय तवर' या शब्दांना वजन होतं.

साहेबांची हजेरी चार दिवसांत लिहून झाली. आईचं पान मात्र होईना. पंधरवडाभर आमच्या एसटीतून मेलेले लेखक गायब झाले. मॅडम कोरा कागद मांडीवर घेऊन बसत, एक ओळ लिहीत, मला वाचून दाखवत आणि खोडत.

"माझी आई साधी बाई आहे," त्यांनी एकदा लिहिलं. मग स्वतःच भडकल्या. "साधी? तलाठ्याला तीन चकरा मारायला लावून सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं तिनं. साधी म्हणे!"

दुसऱ्या दिवशी 'सोशिक' आलं आणि दोन मिनिटांत गेलं. सोजरबाईंनी एकदा दारू पिऊन आलेल्या दिराच्या अंगावर कळशीभर पाणी ओतलं होतं, तेही हिवाळ्यात. तिसऱ्या दिवशी 'तिचे हात खरबरीत आहेत, पण' असं सुरू झालं. त्या 'पण'शी मॅडम थांबल्या आणि कागदाचा बोळा करून खिडकीबाहेर टाकायला निघाल्या. मी हात धरला.

"मलाबी तेच शब्द सुचून राहिलेत," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "ह्यांचेच. आयुष्यभर ह्यांनाच वाचलं, आता दुसरे आणू कुठून?"

मी त्यांना समजावलं की होईल, ऐनवेळी सुचेल. ऐनवेळी काही सुचत नसतं, हे परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या बाईला चांगलं माहीत असतं. तरी आपण म्हणतो.

लातूरला मी त्यांच्यासोबत गेले. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं, म्हणजे विद्यार्थ्यांना हजेरी लागणार होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी साहेबांना असं काही सोलून काढलं की मागच्या बाकावर झोपलेले प्राध्यापक सरसावून बसले. सफरचंदी गाल गेले, गाणारी गवळण गेली, नदीतली प्रेतं एकेक करून बाहेर काढली गेली. भारा डोक्यावर घेऊन उभी राहिलेली ती बाई आली तेव्हा पोरींच्या रांगेने पेनं खाली ठेवली. प्रत्येकाला मॅडम विचारत होत्या, तू कुठे बसून लिहिलंस? टाळ्या पडत होत्या. माझी छाती फुगली होती.

मग त्यांनी पिशवीतून शेवटचा, आईवरचा कागद काढला. त्याच्याकडे पाहिलं. त्यावर खोडलेल्या ओळीच होत्या, हे मला माहीत होतं. मग तो घडी करून ठेवला आणि एकदम मराठीत बोलल्या.

"सगळ्यांला विचारलं, कुठं बसलावतास. आता मला इचारा. सुट्टीत मी होस्टेलहून गावाकडं यायची. आई खुरपायला जायची. मी बांधावर बसलेली असायची. बाभळीच्या सावलीत. पायात चप्पल घालून. आईची पाठ मी तिथून बघितली. त्याच्यापेक्षा जवळून मला काई ठाव न्हाई. मग माझ्यात आन् त्या घोड्यावरच्या सायबात काय फरक हाय?"

आणि त्या खाली बसल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष उठून म्हणाले, "वा! काय परिणामकारक समारोप! वक्तृत्व कसं असावं याचा वस्तुपाठ." मॅडमच्या हातात शाल आणि श्रीफळ दिलं. जेवणात गुलाबजाम होते. जो तो येऊन सांगत होता, मॅडम, शेवट काय केलात! एका बाईंनी तर ती बांधाची कल्पना कुठून सुचली, असंही विचारलं.

"कल्पना!" परतीच्या नांदेड गाडीत मॅडम धुमसत होत्या. "मी रडायच्या बेतात, आन् हे म्हणतेत कल्पना! लई शहाणे लागून गेले!" श्रीफळ मांडीवर आपटायला निघालं होतं, ते मी काढून घेतलं. तेवढ्यात चाकूर आलं. मॅडम उठल्या.

"उतरा."

"कुठं?"

"वावरात."

त्यांच्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती. आम्ही उतरलो, रिक्षा केली, गावच्या रस्त्याने निघालो. उघडीप होती. दोन्हीकडे सोयाबीन आणि मधे मधे तुरीचं एकेक तास, म्हणजे ओळ. रस्त्याकडेला मॅडमच्या घरच्या वावरात पाचसहा बायका ओळीने बसून खुरपत होत्या. प्रत्येकीने आपापली पात धरलेली, म्हणजे रानाचा आपल्या वाटणीचा लांब पट्टा. बांधावर, बाभळीखाली, पोत्यावर एक म्हातारी बसली होती.

"आई," मॅडम म्हणाल्या. पण बांधाकडे गेल्याच नाहीत. त्यांनी चपला काढल्या, चर्चासत्राची रेशमी साडी खोचली, पिशवी आणि शाल माझ्या हातात दिली आणि सरळ त्या बायकांच्या ओळीत जाऊन बसल्या. एकीच्या जवळचं जादा खुरपं उचललं.

बायकांतल्या एकीने तोंडाला पदर लावला. मॅडम खाली मान घालून सपासप चालल्या होत्या. संताप हातात उतरला होता. घामाने पाठ भिजली. मला वाटलं, जमतंय की! तेवढ्यात शेजारची बाई ओरडली, "अवं म्याडम! तूर हाय ती! तूर!"

मॅडमनी वळून पाहिलं. मागे सोयाबीन होतं, तणही बरंचसं होतं. तुरीचं अख्खं तास मात्र साफ झालं होतं.

बायका पोट धरून हसायला लागल्या. आणि बांधावरून सोजरबाईंचा खणखणीत आवाज आला. मला वाटलं, आता लेकीला बोलणार. पण त्या बायकांना सांगत होत्या, आणि तेही मान ताठ करून. "हासता काय गं? माझ्या लेकीला खुरपं धरता येत न्हाई! तुमच्या पोरींला येतंय न्हवं? माझीला न्हाई येत!"

दुसरी एखादी बाई आपली मुलगी कलेक्टर झाली हे ज्या आवाजात सांगेल, त्या आवाजात हे होतं. बायकांचं हसू थांबलं. एक जण हळूच म्हणाली, "खरं हाय, मामी."

"वर ये तू," सोजरबाई म्हणाल्या. "आन् तुरीचं कुनी सांगू नका गं सुनंला. ढोरं शिरली व्हती म्हना."

मॅडम बांधावर आल्या. हाताला फोड आला होता. सोजरबाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, पदराने पुसला आणि मला बसायला पोत्याचा कोपरा सरकवला. कोण, कुठली, जेवली का, सगळं विचारून झालं. मॅडम मात्र आईकडे न बघता समोरच्या ओळीकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, आणि मला कळलं की ही बाई या एका प्रश्नासाठी गाडीतून उतरली आहे.

"आई, मी हितं सावलीत बसून राहायची आन् तू तिकडं उन्हात. तुला राग नव्हता येत?"

"कशाचा?"

"मी नुस्तीच बघत बसायची त्याचा."

"बघायची कुठं गं तू!" सोजरबाई हसल्या. "तुझं मुंडकं त्या पुस्तकात. म्या बघायची. पात संपली की कंबर सरळ करायची आन् पयलं हिकडं बघायची. हाय का बसलेली? हाय. मंग दुसरी पात धरायची. दिसभर तेच की. तू एखादबारी वर बघायचीस, मंग ती पात कवा सरली ते कळायचं बी न्हाई. तू होस्टेलला गेलीस तरी लई दिस सवय जाईना. पात संपली की मान वळायचीच. बांधावर कुनी नसायचं."

सोजरबाईंनी हे असं सांगितलं, जसं कुणी पिकाचं, पावसाचं सांगतं. सांगून झाल्यावर त्या खुरपणाऱ्या एकीला काहीतरी ओरडल्या, मागे तण राहिलंय म्हणून.

मॅडम माझ्याकडे वळल्या. चष्मा काढलेला होता.

"ठाव हाय का, काय वाचत होते मी तवा?" त्या म्हणाल्या. "शाळेचं इंग्रजीचं पुस्तक. त्यात ती गवळण होती. लाल गालाची. बादली घेतलेली. तिचं चित्र मला लई आवडायचं. मी तिच्याकडं बघत बसायची हो."

मेलेल्या साहेबांचा मला पुन्हा एकदा भयंकर राग आला. पण त्यांना शिव्या घालून आता काही मिळण्यासारखं नव्हतं.

उन्हं कलायला लागली. नांदेडला जायची गाडी पकडायची होती. मी उठले. मॅडम उठल्या नाहीत. "तुमी व्हा पुढं," म्हणाल्या. "मी ऱ्हाते चार दिस. रजा टाका माझी." इतक्या वर्षांत त्यांनी रजा टाकलेली मला आठवत नाही.

मी शाल आणि पिशवी तिथेच पोत्यावर ठेवली आणि रस्त्याला लागले. वळणावर मागे पाहिलं. सोजरबाई हात हलवून काहीतरी सांगत होत्या, बहुधा तुरीचंच. मॅडम त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.